किल्लारीखालचे आठ मीटर

मराठवाड्यात जमिनीखाली काय आहे, हे बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. वर काळी, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मध्येच भुकटी तांबडी पडते, पुन्हा काळी होते. सातशे-आठशे फुटांपर्यंत गेलं तरी रंग फारसा बदलत नाही. त्यामुळे हा दगड असाच पाताळापर्यंत गेलेला असणार आणि पृथ्वी झाली तेव्हापासून तो इथेच असणार, असा समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. वेरूळचं कैलास ज्यात कोरलं, देवगिरीचा कडा ज्याचा तासला, तो दगड इतका भक्कम आहे की तसं वाटणं साहजिक आहे.

पण पृथ्वीच्या वयाच्या मानाने हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, अगदी अलीकडचा आहे. त्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. म्हणजे आपण ज्यावर उभे आहोत तो थर येण्याआधी पृथ्वीने ४४७ कोटी वर्षं काढली होती. त्या काळात काय घडलं, आणि आपल्या पायाखाली त्यातलं काय शिल्लक आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका दुःखद घटनेनंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री गावं उशिरा झोपलेली असताना, लातूर-धाराशिवच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार लोक गेले. त्याआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. मग इथे भूकंप झाला कसा, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधन घेतलं आणि खालच्या खडकाचे गोल नमुने वर काढले.

त्या नमुन्यांत काळा दगड ३३८ मीटरवर, म्हणजे सुमारे अकराशे फुटांवर संपला. त्याच्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर होता. आणि त्याखाली लागला तो वेगळाच खडक: ग्रॅनाइटच्या जातीचा, स्फटिकांचा, उष्णतेने आणि दाबाने कधीकाळी भाजून-मळून निघालेला. हा दक्षिण भारताच्या प्राचीन धारवाड भूखंडाचा भाग आहे आणि त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त आहे.

म्हणजे वरचा खडक ६.६ कोटी वर्षांचा, खालचा अडीचशे कोटींहून जुना आणि दोघांच्या मध्ये आठ मीटर गाळ. जवळपास २५० कोटी वर्षांचा हिशेब त्या आठ मीटरमध्ये आहे. खरं तर तो तिथे नाहीच, तो पुसला गेला आहे. आणि पृथ्वीवरच्या जीवसृष्टीत ज्या मोठ्या उलथापालथी झाल्या, त्यांतल्या बहुतेक याच पुसलेल्या काळातल्या आहेत. हवेत प्राणवायू आला, पेशीत केंद्रक आलं, पहिले प्राणी आले, पहिली झाडं जमिनीवर चढली, डायनासोर आले. सगळं या फटीत.

कोटी हा आकडा उच्चारायला सोपा, पण मनात बसायला कठीण. म्हणून एक माप ठरवू. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. लातूरपासून ४५४ किलोमीटर लांब, मुंबईच्या अलीकडे कुठेतरी, पृथ्वीचा जन्म झाला असं समजा आणि तिथून लातूरकडे चालत निघा. आजचा दिवस म्हणजे लातूर. या मापात काळा दगड लातूरच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरवर तयार होतो. आपली मानवजात, सुमारे तीन लाख वर्षांची, शेवटच्या तीस मीटरमध्ये येते. शेती शेवटच्या एका मीटरभरात सुरू होते. कैलास लेणं बारा-तेरा सेंटिमीटर अलीकडे. बाकीचा सगळा रस्ता आपल्याविना गेलेला आहे.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत, आणि ते कसे काढतात हे समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. युरेनियम हे मूलद्रव्य आपोआप, ठरलेल्या वेगाने, मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. युरेनियम-२३८ या प्रकाराचा निम्मा साठा शिसं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. तापवलं, दाबलं, भिजवलं तरी हा वेग बदलत नाही. आता खडकात झिरकॉन नावाचा बारीक, वाळूच्या कणाएवढा खनिजाचा दाणा असतो. वितळलेल्या खडकात हा दाणा तयार होताना तो युरेनियमला आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्या दाण्यात जे शिसं सापडतं, ते दाणा तयार झाल्यानंतर युरेनियमपासून झालेलं असतं. किती युरेनियम उरलंय आणि किती शिसं झालंय, हे मोजलं की वय हाती येतं. युरेनियमचा दुसरा प्रकार, २३५, वेगळ्या वेगाने मोडतो, सुमारे सत्तर कोटी वर्षांत निम्मा होतो. त्याचा हिशेब वेगळा मांडायचा. दोन्ही उत्तरं जुळली की खात्री पटते. एकाच दाण्यात दोन स्वतंत्र साक्षीदार मिळणं ही विज्ञानातली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

पृथ्वीचं वय मात्र पृथ्वीवरच्या खडकावरून काढता येत नाही, कारण सुरुवातीचे खडक पुन्हा पुन्हा वितळून गेले. १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतल्या शिशावरून ते काढलं. सूर्यमालेसोबत तयार झालेले हे दगड नंतर फारसे बदललेले नसतात. त्याचं उत्तर होतं सुमारे ४५५ कोटी वर्षं. नंतर उपकरणं किती तरी सुधारली, तरी तो आकडा जेमतेम हलला.

तर चालायला लागू. पहिल्या काही किलोमीटरमध्येच मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालमसाल्यातून चंद्र तयार झाला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वी तेव्हा वितळलेली होती. पण ती वाटते त्यापेक्षा लवकर निवली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला जॅक हिल्स इथे सापडलेले झिरकॉनचे काही दाणे ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत आणि त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून दिसतं की ते तयार होताना जवळपास द्रवरूप पाणी होतं. म्हणजे पंधराव्या किलोमीटरच्या आतच पृथ्वीवर पाणी साचायला लागलं होतं.

जीव नेमका कधी सुरू झाला? खात्रीलायक खुणा ऑस्ट्रेलियातल्याच पिलबारा भागात आहेत, सुमारे ३४८ कोटी वर्षांच्या. तिथे उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांनी चिकट थर तयार केले, त्यावर गाळ बसला, त्यावर पुन्हा जीव वाढले. असे थरावर थर चढून दगडी ढिगारे झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. शास्त्रज्ञांना त्यांची ओळख पटली याचं एक मोठं कारण म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे या खाडीत असे ढिगारे आजही जिवंत आहेत.

त्या काळची पृथ्वी डोळ्यांपुढे आणून बघा. सूर्य आजच्यापेक्षा पाव हिश्श्याने मंद. हवेत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. प्राणवायू जवळजवळ शून्य. आपण तिथे काही मिनिटंसुद्धा जगलो नसतो. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं. आजच्या समुद्रात लोखंड असं राहू शकत नाही, प्राणवायू त्याला लगेच गंजवतो आणि तळाशी बसवतो. तेव्हा गंजवायला कोणी नव्हतं.

किल्लारीखालचा तो ग्रॅनाइटच्या जातीचा खडक याच जगात थिजला. वाटेत लातूर अजून अडीचशेच्या वर किलोमीटर लांब होतं. त्या खडकाच्या वर जी हवा होती, तिच्यात श्वास घेण्याजोगं काही नव्हतं.

आणि मग, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, हवा बदलली. हे काम सायनोबॅक्टेरिया नावाच्या निळसर-हिरव्या सूक्ष्मजीवांनी केलं. शेततळ्यात उन्हाळ्यात पाण्यावर जी हिरवी-निळी साय धरते, तिच्यात बरेचदा हेच असतात. सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन आपल्या अन्नासाठी वापरायचा आणि प्राणवायू बाहेर टाकून द्यायचा, ही युक्ती त्यांना साधली. कोट्यवधी वर्षं हा टाकाऊ प्राणवायू समुद्रातल्या लोखंडानेच गिळला. लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, आणि लाल व करड्या पट्ट्यांचे लोहखनिजाचे प्रचंड साठे तयार झाले. गडचिरोलीच्या सुरजागडचं लोहखनिज याच जातीचं. जगातल्या लोहखनिजाचा मोठा हिस्सा अशा पट्टेदार थरांतून येतो. जालन्याच्या कारखान्यातून निघणारी सळई भले भंगार वितळवून केलेली असो, तिच्यातलं लोखंड मागे मागे शोधत गेलं तर बहुधा त्या प्राचीन समुद्राच्या तळाशीच पोचतं.

लोखंड आणि काही वायू प्राणवायू खायला पुरेनासे झाले, तेव्हा तो हवेत साचू लागला. त्या वेळच्या जिवांसाठी तो विष होता. किती जीव संपले, याची मोजदाद नाही, कारण सूक्ष्मजीव हाडं ठेवून जात नाहीत. जे वाचले ते प्राणवायू पोचत नाही अशा जागी गेले, आणि तिथे ते अजून आहेत. गोबरगॅसच्या टाकीत शेणापासून मिथेन करणारे जीव त्या जुन्या जगातले आहेत. टाकीला हवा लागली तर गॅस का थांबतो, त्याचं कारण हे आहे. गाईच्या पोटातही तेच असतात. गोबरगॅसवर शिजलेल्या भाकरीमागे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची हवा आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

यानंतर आपण त्या पुसलेल्या पट्ट्यात शिरतो. किल्लारीखाली इथून पुढचं काही सापडत नाही. का? कारण खडक साचायला खोलगट जागा आणि पाणी लागतं. उंचावरची जमीन साचवत नाही, झिजवते. ग्रॅनाइट जमिनीच्या खोल पोटात तयार होतो. तो उघडा पडायचा तर डोक्यावरचे कित्येक किलोमीटर खडक वारा-पाण्याने खरवडून न्यावे लागतात. मराठवाड्याखालच्या भूखंडावर तेच झालं. मध्ये कधी काही साचलं असेल तरी तेही वाहून गेलं. शेवटचा आठ मीटर गाळ वाचला, तो लाव्हाने झाकला म्हणून.

म्हणून हा काळ वाचायला शेजारी जावं लागतं, आणि एक शेजारी तर आपल्या घरात आहे. मराठवाड्यातल्या किती तरी घरांत, शाळांत, देवळांच्या ओट्यांवर शहाबादी फरशी आहे. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते. ती भीमा खोऱ्यातल्या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. त्या फरशीत तुम्ही कितीही शोधलं तरी शंख-शिंपल्याचा ठसा सापडणार नाही, कारण ती साचली तेव्हा कवचाचे प्राणी जन्मलेच नव्हते. ज्या वर्षांची नोंद किल्लारीखाली मिटली, त्यातलं एक पान आपण रोज पायाखाली घालतो.

दुसरा पत्ता चित्रकूट. तिथल्या विंध्य खडकांत सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे, लाल शैवालासारखे दिसणारे जीवाश्म सापडल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. ते इतके महत्त्वाचे का? कारण शैवालाच्या पेशीत केंद्रक असतं. केंद्रक येण्याआधीचे सगळे जीव साधे. केंद्रकवाली पेशी तयार होताना एका पेशीने एका जिवाणूला आत घेतलं, पण पचवलं नाही. तो आतच राहिला आणि प्राणवायू वापरून ऊर्जा पुरवू लागला. तोच आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतला मायटोकॉन्ड्रिया. त्याला अजून स्वतःचा वेगळा डीएनए आहे आणि आपल्याला तो आईकडूनच मिळतो. ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडली तेव्हा तिला फार विरोध झाला, पुढे डीएनएच्या पुराव्याने ती खरी ठरली. नंतर काही पेशींनी याच रीतीने सायनोबॅक्टेरिया आत घेतला. तुरीच्या, सोयाबीनच्या पानातला हिरवा कण त्या सायनोबॅक्टेरियाचा वंशज आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी हवा बदलणारा जीवच आज आपल्या शेतात, पानाच्या आत बसून, तेच काम करतो आहे. मला ही गोष्ट प्रत्येक शाळेत, प्रत्येक बांधावर सांगावीशी वाटते.

पुढची ऐंशी-नव्वद कोटी वर्षं तुलनेने संथ. मग ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी दोनदा जवळजवळ विषुववृत्तापर्यंत गोठली, आणि त्यानंतर मोठ्या आकाराचे मऊ अंगाचे जीव दिसू लागले. त्यातला एक, डिकिन्सोनिया, भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत सापडल्याची बातमी २०२१ साली आली आणि जगभर गाजली. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तीच जागा नीट तपासली. तो ठसा आग्या मोहोळाच्या कुजत चाललेल्या पोळ्याचा होता. पहिल्या गटातल्या प्रमुख शास्त्रज्ञाने ते मान्यही केलं. मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. प्राचीन जीवनाबद्दल जे आज ठाम म्हटलं जातं, ते अशा कसोट्यांतून गेलेलं असतं आणि म्हणून विश्वास ठेवण्याजोगं असतं.

सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी कवचं आली, डोळे आले, मग मासे, मग जमिनीवर झाडं. चंद्रपूरचा कोळसा त्या पुढच्या दलदलींतल्या झाडांचा. २५ कोटी वर्षांपूर्वी इतिहासातला सर्वात मोठा संहार झाला आणि समुद्रातल्या बहुतेक जाती गेल्या. मग डायनासोरांचा काळ. नांदेडवरून जाणारी गोदावरी पुढे तेलंगणात जिथे पोचते, त्या खोऱ्यात बारापासॉरस हा बारा-चौदा मीटर लांबीचा शाकाहारी डायनासोर सापडला. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

आणि लातूर साडेसहा किलोमीटरवर आलं असताना जमीन फाटली. भारत तेव्हा एकटा, बेटासारखा उत्तरेकडे सरकत होता आणि हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आज जिथे आहे त्या तप्त जागेवरून जात होता. लाव्हा डोंगराच्या तोंडातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून तो निघाला आणि पाण्यासारखा पसरला. एकामागून एक थर साचले, बहुतेक सगळा पसारा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात, पूर्वेकडे ती कमी होत जाते. बोअरमध्ये मधूनच येणारी तांबडी भुकटी म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत वरचा दगड हवा-पाण्याने कुजून झालेली माती, जी पुढच्या लाव्हाने भाजून झाकली. याच सुमारास मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळली आणि डायनासोर संपले. अशनी किती कारणीभूत आणि आपला लाव्हा किती, यावर अजून वाद आहे, पण अशनीचं पारडं जड आहे.

वरचा दगड आणि खालचा दगड यांतला फरक मराठवाड्याला रोज भोगावा लागतो. बेसॉल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहतं ते भेगांत आणि थराच्या वरच्या सच्छिद्र भागात, म्हणून दहा फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसरा कोरडा जातो. खोल गेलं की पाणी वाढतंच असं नाही. १९९३ चा भूकंपही काळ्या दगडातला नव्हता. भारताचा भूखंड अजून हिमालयाला रेटतो आहे, तो ताण खालच्या प्राचीन खडकातल्या जुन्या कमकुवत भेगांवर साचतो, आणि काही किलोमीटर खोल अशीच एक भेग सरकली. म्हणून तो जुना खडक समजून घेणं ही आपल्यासाठी केवळ कुतूहलाची बाब नाही.

तो पाहायला विंधन घ्यावं लागत नाही. नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला काळा थर पातळ होत संपतो आणि त्याच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. गुलाबी किंवा राखाडी, गोल गरगरीत धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन बघा. काळ्या दगडात दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, कारण तो झटपट निवला. ग्रॅनाइटमध्ये ते स्वच्छ वेगळे दिसतात: गुलाबी किंवा पांढरे चपटे तुकडे फेल्डस्पारचे, काचेसारखे धुरकट ते गारेचे, चमकणारे काळे ठिपके अभ्रकाचे. एवढे मोठे स्फटिक वाढायला खोलवर, सावकाश निवावं लागतं. आसपासच्या खाणीत किंवा रस्त्याच्या कापात वर काळा आणि खाली हा गुलाबी दगड एकत्र दिसला, तर त्यांच्या मधल्या रेषेवर हात ठेवता येतो. त्या हाताच्या एका बाजूला डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांतला लाव्हा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्राणवायू येण्याआधीचा ग्रॅनाइट.